नॉबकाकू आणि ट्यूबचा खोका

काकूंना गिटार वाजवता येत नाही. कुणी हातात दिलीच तर त्या ती तान्ह्या बाळासारखी मानेखाली हात घालून धरतात आणि मिळेल त्या पहिल्या माणसाच्या स्वाधीन करून मोकळ्या होतात. तरीही एक काळ असा होता की रविवारी सकाळी त्यांच्या जिन्यावर गिटारवाले पायरी-पायरीला बसलेले असत, आणि मोठ्या उस्तादाचं नाव सांगावं तशा थाटात एकमेकांना सांगत, "आपला आवाज नॉबकाकूंनी लावलाय."

काकूंच्या वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. माल आला की पेंढ्यातून कपबशा काढायच्या, एकेक कप बोटावर लटकवायचा आणि पेन्सिलीने टिचकी मारायची, हे काम लहानपणी काकूंकडे असे. धड कप टणकन बोलतो. आतून तडकलेला कप, तडा डोळ्यांना दिसत नसला तरी, खोकल्यासारखा बोलतो. वडील गल्ल्यावरून मान वर न करता म्हणत, "तो बाजूला ठेव." काकू म्हणत, "ठेवलाय केव्हाच."

मोठेपणी त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कान तपासायच्या कामाला लागल्या. कपाटाएवढी एक बंद खोली, तिला काचेची खिडकी. आत माणूस कानांवर हेडफोन लावून बसलेला, बाहेर काकू बटणं फिरवत बसलेल्या. ज्यांना कानातलं यंत्र लागायचं त्यांचं यंत्रही काकूच बसवून द्यायच्या. थोडं इकडे फिरवायचं, थोडं तिकडे, आणि दर वेळी विचारायचं, "असं बरं, की असं?" इतकी वर्षं हे केल्यावर त्यांच्या तोंडात तेच बसलं. घरात पडदा लावायचा असो की नवऱ्याचा टाय बांधायचा असो, "असं बरं, की असं?"

नवरा म्हणजे काका, शहर बससेवेत ड्रायव्हर. लग्नाआधी ते एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. मग ड्युट्या आल्या, मुलगी आली, तिची शाळा आली, आणि गिटार कपाटावर गेली. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली तेव्हा घरात एक खोली रिकामी झाली आणि काकांच्या जिवात पुन्हा काहीतरी वळवळायला लागलं. त्याच सुमारास एक जुनं नाट्यगृह पाडायला काढलं होतं. तिथला व्यवस्थापक काकांच्या बसचा रोजचा उतारू. तो म्हणाला, "स्टेजमागे गिटारचा एक ट्यूबवाला अँप्लिफायर पडलाय. हवा तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल."

काका आणि त्यांचा कंडक्टर, दोघांनी मिळून तो खोका जिन्यावरून आणला. कंडक्टर दोन दिवस कमरेला शेक देत होता. पुढून कापडाची जाळी, वर कातडी मूठ, कडेला नॉबची रांग, आणि मागून बघितलं तर आत काचेच्या ट्यूब उभ्या, काही अंगठ्याएवढ्या, दोन चांगल्या वांग्याएवढ्या. खटका ओढला की लगेच काही होत नसे. ट्यूबांच्या पोटात नारिंगी उजेड हळूहळू चढायचा, तापलेल्या धुळीचा वास सुटायचा, आणि मग खोका घसा साफ केल्यासारखा एकदा खरखरायचा. काकांना हे फार आवडायचं. ते म्हणायचे, "ह्याला माणसासारखं जागं व्हायला वेळ लागतो."

पण पुढचं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी सगळे नॉब दहावर नेऊन ठेवले. दहापर्यंत आकडे दिलेत ते काय शोभेला, असा त्यांचा विचार. त्यातून जो आवाज निघायचा तो पत्र्याच्या डब्यात खडे घालून तो डबा जिन्यावरून सोडून द्यावा तसा. काकू स्वयंपाकघरात असायच्या. पहिले दोन दिवस त्यांनी दात-ओठ खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी त्या मटाराचं पातेलं काखेत घेऊनच खोलीत आल्या.

"अहो, सरका जरा."

"तुला काय कळतंय ह्यातलं?"

"ह्यातलं नाही कळत. कान दुखतात एवढं कळतंय. वाजवा."

काकांनी तार छेडली. काकूंनी बेस नावाचा, खर्जाचा नॉब निम्म्याच्या खाली आणला. "असं बरं, की असं?" मग मधल्या सुरांचा मिडल वर नेला. "असं बरं, की असं?" गेन लिहिलेला नॉब, म्हणजे ट्यूबला किती चिडवायचं तो, त्यांनी उतरवत उतरवत अशा जागी आणला की हलकेच छेडलं तर तार स्वच्छ बोलायची, आणि जोरात मारलं तर कडेला जरा फाटायची, गात गात भरून आलेल्या गळ्यासारखी. काका वाजवता वाजवता थांबले. पुन्हा वाजवलं. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या आधीचं काहीतरी आलं.

"हा माझा आवाज आहे गं," ते म्हणाले. "हाच होता तेव्हा."

"मग हालवू नका," म्हणून काकू मटार सोलायला गेल्या.

पहिलं गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. पोस्टमनदादा रजिस्टर पत्र घेऊन दारात उभे राहिले ते सही घ्यायचं विसरून आतला आवाज ऐकत बसले. ते स्वतः ब्लूज वाजवायचे, म्हणजे दुःखाची गाणी मोठ्या आनंदाने गायचे. पुढच्या रविवारी गिटार घेऊन हजर. काकूंनी त्यांना आधी वाजवायला लावलं, मग त्यांची बोटं बघितली. दादांचा हात जड. काकूंनी गेन काकांच्यापेक्षाही खाली घेतला आणि एकूण आवाज वाढवला. "तुमचा हातच पुरेसा भांडतोय," त्या म्हणाल्या, "खोक्याने कशाला भांडायला हवं?" दादांनी खूश होऊन त्यांना नॉबकाकू म्हटलं आणि ते नाव टपालासारखं घरोघर पोचलं.

मग दाताचे डॉक्टर आले. ते जॅझवाले. त्यांना आवाज गोल आणि मऊ हवा, कुठे कोपरा लागता कामा नये. "काकू, मला घोंगडीसारखा आवाज द्या," असं ते म्हणायचे. काकूंनी ट्रेबल, म्हणजे टिपेच्या सुरांचा नॉब, उतरवला, गेन जेमतेम ठेवला, आणि डॉक्टरांना बजावलं की गिटारीवरचा स्वतःचा नॉब आधी वापरा, सगळं माझ्यावर टाकू नका. त्यांच्यामागून बेकरीतल्या दोघी बहिणी आल्या. पहाटे पाव भाजायचे आणि संध्याकाळी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवायचं, हा त्यांचा दिनक्रम. बँडचं नाव भट्टी. त्यांना सगळं दहावर हवं होतं, फक्त मिडल शून्यावर.

"असं घरात एकटीने वाजवताना छान वाटतं," काकू थोरलीला म्हणाल्या. "ढोल-झांजा चालू झाल्या की तू कुठे आहेस ते शोधायला माणूस पाठवावा लागेल." आणि त्यांनी मिडल वर घेतला, गेन खाली. थोरली रुसली. धाकटीने ड्रम सुरू केले तसा रुसवा गेला, कारण आता तिची गिटार भिंतीतून बाहेर यायला लागली होती. शेजारच्यांनीही तेच कळवलं.

काकूंचं सोपं होतं. त्या कधी जॅझचा आकडा हा, ब्लूजचा आकडा तो, असं सांगत नसत. कुणी लिहून घ्यायला लागलं तर हसायच्या. "खोली बदलली की आकडे गेले," म्हणायच्या. "पाहुणे आले की सतरंजी घालतो ना, तेवढ्यानेसुद्धा आवाज बदलतो."

सुरुवातीला काका जाम खूश होते. सगळ्यांना चहा करून द्यायचे, खोक्याची जन्मकहाणी सांगायचे, कंडक्टरच्या कमरेसकट. पण रविवार रविवार करता त्यांचं वाजवणं मागे पडत गेलं. खोका सगळ्यांसाठी चालू, आणि सगळे गेले की जेवायची वेळ. एका रविवारी काकू खोली झाडत होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काकांची गिटार पिशवीतून बाहेर आलेलीच नाही, आणि पिशवीवर कुणीतरी कपबशी ठेवलीय.

"अहो, तुमचा आवाज लावून देऊ का?"

"मला काय, कुठलाही चालतो."

"असं कसं? सांगा तरी."

"अगं ठीक आहे. सगळं ठीक आहे."

काकूंना ते लागलं. दवाखान्यात त्यांनी अशी माणसं चिकार बघितली होती. काचेपलीकडे बसून सगळ्याला "ठीक आहे, ठीक आहे" म्हणणारी. त्यांना ऐकू आलेलं नसायचं असं नाही. त्यांना तिथून उठायचं असायचं. आपल्याच घरात आपल्याच माणसाला उठून जावंसं वाटावं, हे काही काकूंना बरं वाटेना. पण अशा गोष्टी विचारून सुटत नाहीत. जितकं विचारावं तितकं "ठीक आहे" घट्ट होतं.

अशातच बस डेपोतली नवी कार्यशाळा बांधून झाली. तिथे रविवारी दुपारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी कार्यक्रम ठरला, आणि गाणंबजावणं आणायची जबाबदारी काकांवर आली, कारण सगळे म्हणाले, तुमच्याकडे तर दर रविवारी मेळाच भरतो. काकांनी तिघांनाही बोलावलं. डॉक्टर आणि त्यांचे दोन साथीदार, पोस्टमनदादांचा बँड, आणि भट्टी. स्वतःचं नाव त्यांनी कुठे घातलं नाही. ते खुर्च्या लावणार होते. अँप्लिफायर मात्र एकच, घरचा खोका, कारण दादांचा स्वतःचा होता तो टेबलावर मावणारा आणि बहिणींचा दुरुस्तीला गेलेला. तिघांचे तीन तऱ्हेचे आवाज एकाच खोक्यातून, पाठोपाठ. काकूंनी त्या रविवारी पायात बूट घातले. त्यांना धावपळ होणार हे दिसत होतं.

कार्यशाळा म्हणजे बस उभी राहून वर दुसरी बस राहील एवढी उंच जागा, वर पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंट. डेपो मॅनेजरांचं भाषण झालं. ते आधी थोडक्यात बोलतो म्हणाले आणि मग सविस्तर बोलले. मग डॉक्टर स्टेजवर आले आणि त्यांनी पहिली तार छेडली. घरी जो आवाज घोंगडी होता तो इथे छपराला जाऊन आदळला आणि तिथून ढगासारखा खाली उतरला. कोण काय वाजवतंय कुणाला कळेना.

काकू शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या, भिंतीला टेकून ऐकलं, आणि तरातरा परत येऊन बेसचा नॉब जवळजवळ बंद केला. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा देणारा नॉब, पार शून्यावर.

"अहो काकू, माझी घोंगडी," डॉक्टर वाजवता वाजवताच कुजबुजले.

"छपराने घातलीय तुम्हाला घोंगडी. मी दिली तर गुदमराल."

डॉक्टरांनी पुढच्या दोन ओळी वाजवल्या, मान तिरकी केली, आणि मग त्यांचे डोळे मिटले ते गाणं संपल्यावरच उघडले. मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. काकूंना तेवढं पुरलं.

पोस्टमनदादांच्या वेळी काकूंनी गेन चढवला, ट्रेबल थोडा उघडला. दादांनी पत्र न आल्याचं गाणं म्हटलं आणि पोस्टमनच ते म्हणतोय म्हणून लोक खो खो हसले. दुसरं गाणं मध्यावर आलं असेल तोच खोक्यातून एक बारीक शिट्टी सुरू झाली. कुत्र्यांनाच ऐकू यावी अशी सुरू झाली आणि मग सगळ्यांनाच ऐकू यायला लागली. दादांनी तारांवर हात ठेवला तरी शिट्टी चालूच. त्यांनी हताशपणे काकूंकडे बघितलं.

डेपो मॅनेजर खुर्चीतून उठले. "तोपर्यंत मी दोन शब्द..." ते म्हणाले, आणि सगळ्या कार्यशाळेत चुळबुळ झाली.

काकू खोक्यामागे गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी हजेरी लावणाऱ्या कारकुनाच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि तिच्या रबराच्या टोकाने एकेका छोट्या ट्यूबला हलकेच टिचकी मारली. पहिली मुकी. दुसरी मुकी. तिसरीला टिचकी मारताच खोका घंटेसारखा वाजला. ती आतून सैल झाली होती. तडकलेल्या कपासारखाच प्रकार, फक्त उलटा. इथे टणकन बोलतो तोच खराब. आता नवी ट्यूब डेपोत कुठून आणायची? पण खोक्याला दोन वाटा होत्या. एक गिटारची, एक माइकची. माइकची वाट कुणी कधी वापरली नव्हती, आणि तिच्या तोंडाशी अगदी तशीच ट्यूब बसवलेली होती. काकूंनी खोका बंद केला, जरा निवू दिला, पदराने धरून दोन्ही ट्यूब उपटल्या आणि माइकवाली गिटारच्या जागी बसवली. पुन्हा खटका ओढला. नारिंगी उजेड चढायला लागला.

आता कुणीतरी वाजवायला हवं होतं, म्हणजे मागे जाऊन ऐकता आलं असतं. दादा घाम पुसत पाणी प्यायला गेले होते आणि जाताना गिटार स्टँडवर ठेवून गेले होते. स्टेजच्या कडेला काका, दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या घेऊन उभे.

"अहो, त्या खुर्च्या ठेवा. जरा तार छेडा."

"मी?"

"मग काय मॅनेजरसाहेबांना सांगू?"

काका मुकाट्याने आले, दादांची गिटार गळ्यात अडकवली. काकू नॉबपाशी वाकल्या. नव्या ट्यूबला सगळं नव्याने लावायचं होतं. आणि दादांचा आवाज लावायचा होता, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण काकांनी पहिली तार छेडली, ती त्यांच्या त्या ओळखीच्या हलक्या, जरा बिचकत्या हाताने, आणि काकूंची बोटं आपोआप दुसरीकडेच गेली. बेस निम्म्याच्या खाली. मिडल वर. गेन त्या जागी, जिथे हलकं छेडलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर भरल्या गळ्याचं.

काकांनी चमकून खाली बघितलं. काकूंनी वर बघितलं नाही. त्या उठल्या आणि शेवटच्या रांगेच्या दिशेने चालायला लागल्या. निम्म्या वाटेत त्यांना मागून गाणं ऐकू आलं. काका आवाज तपासत नव्हते, वाजवत होते. लग्नाआधीचं काहीतरी, ज्याचे शब्द त्यांना आठवत नव्हते म्हणून ते नुसतीच धून वाजवत होते. दादांच्या ड्रमरने दोन ओळी वाट पाहिली आणि हळूच ठेका धरला. पाणी पिऊन आलेले दादा स्टेजच्या पायरीवरच बसले. आपली गिटार दुसऱ्याच्या गळ्यात बघून त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. उलट ते मांडीवर ताल देत होते.

काकू भिंतीला टेकल्या. पुढच्या रांगेतले ड्रायव्हर एकमेकांना कोपराने ढोसत होते. "हा आपलाच ना? सकाळच्या शिफ्टचा?" काकांचा कंडक्टर उभा राहून, कमरेवर हात ठेवून, आजूबाजूला सांगत होता की हा खोका मी वर चढवलाय.

एक धून संपली. काका गिटार उतरवायला लागले, तसे दादा पायरीवरून म्हणाले, "राहू द्या हो. अजून एक होऊ द्या. मी गातो." आणि दादा गायले, काका वाजवत राहिले, आणि मॅनेजर पुन्हा खुर्चीत बसले.

सगळ्यांत शेवटी भट्टी आली. थोरलीने नेहमीप्रमाणे सांगितलं, "काकू, अजून, अजून," आणि काकूंनी नेहमीप्रमाणे निम्म्यातच थांबवलं. बाकीचं काम पत्र्याने केलं. पहिल्याच फटक्याला छपरावरची कबुतरं उडाली, आणि पोरंटोरं खुर्च्या सोडून नाचायला लागली. पुढच्या रांगेत काकूंच्याच दवाखान्यातले एक आजोबा बसले होते. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, खिशात ठेवलं, आणि मान डोलवत राहिले.

घरी परतताना खोका डेपोच्या व्हॅनमध्ये आणि काका-काकू त्याच्या दोन बाजूंना बसले होते.

"तो दादांचा आवाज नव्हता," काका म्हणाले.

"नव्हता."

"चुकून लागला?"

"मी कधी चुकून लावते का?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं तू विसरलीस. इतक्या जणांचे लावतेस. आणि मी सांगायचं म्हणजे... घरातल्याने रांगेत उभं राहायचं कसं?"

"सांगायचं असतं हो," काकू म्हणाल्या. "मी कान तपासते. मनातलं ऐकू यायचं यंत्र अजून आलेलं नाही."

काका हसले आणि त्यांनी खोक्यावरची धूळ रुमालाने पुसली, जी मुळात नव्हती.

तेव्हापासून रविवारची पद्धत बदलली. सकाळचा पहिला तास काकांचा. त्या वेळात जिन्यावर कुणी बसायचं नाही, बसलं तर तोंड उघडायचं नाही. हा नियम काकूंनी लावला आणि दाराशी डॉक्टर आले तरी पाळला. दादा आणि काका आता एकत्र वाजवतात. बँडच्या नावावरून दोघांचं अजून जुळलेलं नाही. दादांना नावात टपाल हवं, काकांना बस. तोपर्यंत लोक त्यांना "ते दोघं" म्हणतात आणि बोलावतात.

परवा काकांच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांना बोलावणं होतं. काकू म्हणाल्या, मी ह्या खेपेला पाहुणी म्हणून येणार. चांगली साडी नेसणार, खुर्चीत बसणार, नॉबला हात लावणार नाही. तुमचं तुम्ही बघा. काकांनी आवाज स्वतः लावला, वाकून, कान जवळ नेऊन, बराच वेळ. पहिलं गाणं झालं. काकू मांडीवर हात ठेवून हसतमुखाने बसल्या होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला आवडतं का हो गाणं?" "आवडतं ना," काकू म्हणाल्या. दुसरं गाणं सुरू झालं. काकूंनी पर्स शेजारच्या बाईंकडे दिली आणि उठल्या. काकांनी त्यांना येताना पाहिलं आणि वाजवणं न थांबवता आपली खुर्ची पायानेच नॉबसमोरून वीतभर बाजूला सरकवली.